अंगठ्याएवढं भोक

प्रिय ठमे,

फोन असताना आईला पत्राचं काय खूळ सुचलं, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून कागद बरा. शेवटपर्यंत वाच, मग काय आदळआपट करायची ती कर.

तुमची ती दोन सांगाड्यांची कॅटमरान अजून आमच्या बोटींच्या कारखान्याच्या धक्क्यालाच आहे. तू तिकडे नोकरीचे शेवटचे दिवस भरतेयस, जावईबापू तुमच्या समुद्रसफरीच्या नकाशांत डोकं खुपसून बसलेत आणि मी डबा खाताना रोज तिच्याकडे बघते. बोट घेतलीत तेव्हा मी तुझं किती डोकं खाल्लं होतं! पाणी शिरलं तर बुडेल का, एवढंच विचारत होते. तू म्हणालीस, हिच्या तळाला शिशाचं वजन नाही, अंग फोमचं, पुढे बंद कप्पे. पाणी भरलं तरी तरंगेल. रिकामी तरंगेल गं. पण दोन इंजिनं, बॅटऱ्या, पाण्याच्या टाक्या आणि तुझी ती ढीगभर पुस्तकं घेऊन? त्यावरून आपलं वाजलं ते वाजलंच.

काल मला राहवेना. उजव्या बाजूच्या पुढच्या कप्प्यात होजपाइप सोडला. कप्पा काठोकाठ भरला, बोटीचं नाक जरासं खाली गेलं, बस. पोरगी खरं बोलत होती म्हणून मला इतका आनंद झाला, की आमच्या खडूस सुतारालाही मी चहा पाजला. परत येऊन बघते तर काय, बोटीतल्या तुमच्या झोपायच्या खोलीत घोटाभर पाणी! गादीमागची फळी काढली. कप्प्याच्या भिंतीला अंगठ्याएवढं भोक, त्यातून दिव्याची वायर गेलेली आणि भोवती सील नाही.

ते भोक माझंच, ठमे. गेल्या महिन्यात आपण भांडलो, त्या दिवशी पाडलेलं. रागारागात हत्यारं आवरली आणि सील लावायचं राहिलं. तीस वर्षं लोकांच्या बोटींत वायरी ओढल्या, एक भोक उघडं सोडलं नाही. सोडलं ते पोटच्या पोरीच्या बोटीत. 

तेव्हा बारा तारखेला निघायचं नाही. तुला न विचारता आज बोट क्रेनने पाण्याबाहेर काढलीय आणि चावी माझ्या कमरेला आहे. एकेक भोक बुजवीन, बोट पुन्हा पाण्यात सोडीन, तुमच्या सामानाइतकी वाळूची पोती चढवीन आणि एकेक कप्पा भरून बघेन. तू ये आणि समोर उभी राहा. हवं तर अबोला धर, पण ये. तरंगली, तर धक्क्यावरचा दोर मी माझ्या हाताने सोडीन.

तुझीच,
चुकलेली आणि तरीही हट्टी आई