एका रशियन शब्दाला एक हंस

युकेले, ९ नोव्हेंबर

आदरणीय मूनिरा आपा,

धाकट्या मिनहाजचा वाकून सलाम. तुझ्या भावजयीचा, शम्सियाचाही सलाम (ती चुलीपाशी आहे, पण मी काय लिहितोय याकडे तिचा कान आहे). गुडघे काय म्हणतात? उफाच्या डॉक्टरचं मलम लावतेस, की कपाटात जपून ठेवतेस? आई ब्याण्णवाव्या वर्षीही पाच कप चहा पिते आणि सहावा नको म्हणते, तेव्हा काळजी नसावी. माझी बोटं मात्र कामातून गेली आहेत, त्याचीच हकीकत लिहितो.

तुला ठाऊकच आहे, इलगीझ आणि सूनबाई सुरगुतला तेलाच्या कामावर, दोघांच्याही पाळ्या, म्हणून ऑगस्टपासून नात एंजे आमच्याकडे आहे. सहा वर्षांची पोर, सगळं रशियनमध्ये. आईला रशियन कधी आलंच नाही. दोघी समोरासमोर बसून एकमेकींकडे बघून हसायच्या, मग आई तिच्या हातात खाऊ कोंबायची आणि खिडकीकडे तोंड फिरवायची. मला ते बघवेना. तेव्हा घरचा कर्ता या नात्याने मी हुकूम काढला, की घरात फक्त तातार बोलायचं, आणि ज्याच्या तोंडून रशियन शब्द निघेल त्याने थंडीच्या तोंडावर घरचे पाळलेले हंस कापायच्या दिवशी एका हंसाची पिसं उपटायची. (आपल्याकडे ते बायकांचं काम, पुरुषाने हंसाला हात लावायचा तो ताटात आल्यावर. पण मला कुठे माहीत होतं की मीच सापडणार आहे!) पहारा एंजेकडे दिला (तिला स्वतःला पिसं माफ), कारण रशियन ओळखायला तिच्याइतकं तयार माणूस घरात कुणी नव्हतं.

आपा, मी स्वतःला पक्का तातार समजत होतो. पहिल्या दिवशी जेवायच्या आत माझ्या नावावर चार हंस. गाय तातार ऐकून दूध देते, पण ट्रॅक्टर रशियन शिव्या खाल्ल्याशिवाय जागचा हलत नाही. फोनचे नंबर, तारखा, रक्तदाब, शेजारच्या गब्दुलखायशी बांधावरून भांडण, सगळं माझ्या तोंडून रशियनमध्येच येतं, हे मला चौसष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि चुगली तातारमध्ये केली तरच धरायची, असा नियम शम्सियाने मागून घुसवला. मग काय, पोरगी भाषा शिकली ती माझ्या चुगल्या करायला. आधी नुसतं 'बाबाय चुकला' (आजोबा म्हणजे बाबाय, एवढा एकच तातार शब्द तिला आधीपासून येत होता). ऑक्टोबरात, 'पणजी, बाबाय खोटं बोलतोय, मी गोठ्यामागून ऐकलं'. आता दोघी दुपारभर कुजबुजत असतात आणि मी आत गेलो की गप्प होतात.

शनिवारी हंस कापले. तेवीसपैकी एकोणीस माझे. गल्लीतल्या बायका गाणी म्हणत आल्या, त्यांच्यात मी, कमरेला शम्सियाचा एप्रन. या दिवशी लोक लग्नाच्या मुली हेरतात ना, तर गब्दुलखायची बायको सागदिया म्हणाली, 'पोरीचा हात बरा चालतो गं, कुणी मागणी घातली की नाही अजून?' मग साफ केलेले हंस कावडीला लावून झऱ्यावर धुवायला निघालो. पुढे एंजे, रस्त्यावर पिसं उधळत, पुढच्या वर्षी हंस खूप होऊ देत म्हणत, सगळं तातारमध्ये. आईने शिकवलं म्हणे. मी कावड खाली ठेवली आणि रडलो. बायकांना सांगितलं, डोळ्यात पीस गेलं.

बाकी सर्व कुशल. तुला हंसाची चरबी पाठवतोय, गुडघ्यांना लाव, नाहीतर खा.

तुझा भाऊ,
मिनहाज

ता. क. इलगीझ तीस तारखेला एंजेला न्यायला येतोय. मडकं अजून कच्चं आहे आपा, आत्ता उचललं तर राहायचं नाही. वसंतापर्यंत तिला राहू दे, असं तू त्याला फोनवर खडसावून सांग. माझं तो ऐकत नाही, तुला घाबरतो.

पुन्हा ता. क. रशियनमध्येच खडसाव, तातार त्याला समजायचं नाही. आम्ही चेल्नीला होतो तेव्हा, पोरगा शहरात मागे पडू नये म्हणून घरात फक्त रशियन बोलायचं, हा हुकूमही मीच काढला होता. तो आणि आई चाळीस वर्षं नुसते एकमेकांकडे बघून हसताहेत.