तपकीर का ओरडते

आकुर्डी,
मंगळवार, ३ डिसेंबर

चि. दिव्या,

अनेक आशीर्वाद. तू आणि रणजीतराव बरे असाल असं धरून चालते. माझं ठीक आहे. थंडीने गुडघा कुरकुरतो, पाणी अजून दिवसाआडच येतं, बाकी सांगण्यासारखं काही नाही.

फोन असताना आईला पत्र कुठून सुचलं म्हणून हसशील. फोन तू स्पीकरवर ठेवतेस. मागे कुकर, टीव्ही, रणजीतरावांचं खोकणं. बोलायचं असतं ते माझ्या तोंडापर्यंत येतं आणि मी ‘जेवलीस का’ विचारून फोन ठेवून देते. कागदावर मध्ये कुणी बोलत नाही.

तपकिरीविषयी लिहायचं आहे. परवा म्हणालीस की ती रोज पहाटे फ्लॅटच्या दाराशी बसून ओरडते, सोसायटीचे सेक्रेटरी जयसिंग तक्रार करायला दोनदा वर आले, आणि आता रणजीतराव म्हणतात, पुढच्या पंधरवड्यातल्या एखाद्या रविवारी तिला पोत्यात घालून कांदा मार्केटात सोडून येऊ, तिथे उंदरांना तोटा नाही. ते दुष्टपणाने म्हणत नाहीत हे मला कळतं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला झोप हवी असते. पण पोत्यातून सोडलेली मांजर लहान असली तर निभावते. तपकीर म्हातारी आहे. तू कॉलेजात होतीस तेव्हाची ती. थोडं थांबा म्हणावं.

महापालिकेच्या वाचनालयातून मांजरांवरचं एक पुस्तक आणलं आहे. तुला उपयोग होईल म्हणून आणलं. त्यात लिहिलंय की मोठी मांजरं एकमेकांशी सहसा म्याव करत नाहीत. ते पिल्लं आईशी करतात, आणि मोठेपणी मांजर माणसाशी करते. आणि प्रत्येक मांजर आपल्या माणसाबरोबर आपली वेगळी बोली तयार करते. दुसऱ्या घरातल्या माणसाला ती कळेलच असं नाही. मी हे पान परत परत वाचलं. दुसरं असं की तिच्याकडे टक लावून बघू नकोस, तिला ती धमकी वाटते. डोळे हळू मिटायचे, हळू उघडायचे. तिनेही तसंच केलं तर समजायचं की ती निर्धास्त आहे. शेपूट उभी ठेवून आली तर खुशीत आहे. पायाला, हाताला डोकं घासलं की आपला वास लावून ठेवते, म्हणजे तू तिची झालीस.

शेजारच्या कस्तुराबाई काल भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “कौशल्याबाई, मांजराचं पुस्तक तोंडपाठ झालं असंल, पण मांजर कुठाय?” मी म्हटलं, लेकीकडे. त्या म्हणाल्या, “मंग लेकीनं वाचायचं का तुमी?” त्यांच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो.

तू म्हणालीस की आण्णा गेल्यापासून तिला त्यांची आठवण येते. म्हणून आण्णांचं मोबाइलवरचं बोलणं तिला ऐकवलंस, ते ‘दिव्या, पोचलीस की फोन कर’ असं बोललेले आहेत ते. तिने कानसुद्धा हलवला नाही, म्हणालीस. ते तू मलाही पाठवलं आहेस. मी अजून ऐकलेलं नाही.

तिचा आवाज तिथे सगळ्यांना त्रास देतो आहे याचं मला वाईट वाटतं, इतकंच. मला काही ती परत नको आहे, गैरसमज करून घेऊ नकोस. मीच तर ‘ने’ म्हटलं होतं. केस झडतात, दुधाच्या झाकणावर वरवंटा ठेवावा लागायचा, आता तो त्रास नाही. पहाटे जाग येते आणि उगाच दार उघडून उभी राहते, पण ते हवा घ्यायला.

एक कळव. ती नेमकी कधी ओरडते? खाली रणजीतरावांची कंपनीची बस येते तेव्हा, का बस निघून गेल्यावर?

दूध उतू जाईल, ठेवते.

तुझी
आई


आकुर्डी,
बुधवार, ११ डिसेंबर

चि. दिव्या,

आशीर्वाद. हे पत्र कस्तुराबाईंच्या हाती देते आहे, त्या उद्या तुमच्या चाकणला बहिणीकडे जाणार आहेत. पोस्टाने उशीर होईल आणि येत्या रविवारचं नक्की झालं असं तू सांगितलंस.

सोमवारी पहाटे तुझा फोन आला. बस आत्ताच गेली, आता ऐक, म्हणालीस आणि मोबाइल दाराजवळ फरशीवर ठेवलास. तिचं ओरडणं ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

“बसले का गं गाडीत?”

ती गप्प झाली. मग काहीतरी खरखरलं. तू म्हणालीस, “आई, ती फोनला डोकं घासतीये.”  मला वाटतं तू रडत होतीस. फोन कट झाला तो रेंज जाऊन नाही, मी केला.

तेव्हापासून ना तुझा फोन, ना माझा. मी या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. डाळ निवडायला घेते, अर्धी ठेवून उठते. पुस्तक उघडलं की एकच ओळ वाचत बसते. हे पत्रसुद्धा सकाळी सुरू केलं, आता चार वाजत आले.

तुला सांगायलाच हवं. आण्णांना पुढे पुढे कायम पहिली शिफ्ट होती, हे तुला ठाऊक आहे. तपकीर त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला जायची हेही साऱ्या गल्लीला ठाऊक आहे. बसस्टॉपवर त्यांच्या कंपनीतले रंगराव चेष्टा करायचे, “अर्जुनराव, वहिनींनी मागं माणूस लावलाय का?” आणि आण्णा म्हणायचे, “माणूस नाही हो, सुपरवायझर.” त्यावरून तिला सगळे आण्णांची मांजर म्हणायला लागले. मीही म्हणत होते.

पण नंतरचं कुणी बघितलं नाही. तू झोपलेली असायचीस, मग लग्न होऊन गेलीस. बस हलली की ती पळत परत यायची आणि आपल्या दाराशी बसून ओरडायची. मी आतून दार उघडायचे आणि विचारायचे, बसले का गं गाडीत? ती एकदाच बारीक आवाज काढायची, शेपूट उभी करून माझ्या पायाला घासून आत यायची. मग ओट्याखाली बसायची आणि मी चहा घ्यायचे. रोज. इतकं रोज की मी कधी त्याला बोलणं म्हटलं नाही. दारात काही तरी बोलावं म्हणून बोलत होते असं मला वाटायचं.

दुपारी आण्णा घरी आले की ती जागची उठतही नसे. ते चप्पल काढता काढता म्हणायचे, “बघा, सकाळी पोचवायला येते आणि आता ओळख नाही.” तुझ्याकडेही संध्याकाळची बस आल्यावर ती उठत नाही, तूच सांगितलंस. आण्णांची वाट बघत असती तर त्या बसला उठली असती ना?

ती बाहेर सोडा म्हणून ओरडत नाही, दिव्या. बस गेली, आता मला घरात घ्या, म्हणून ओरडते. तुझ्या घरात गादीवर झोपते, तू दूध-मासळी देतेस, तरी तिच्या लेखी ती अजून दाराबाहेर उभी आहे. आणि दार उघडणारं कुणी येत नाही.

हे कळल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. तसा झाला नाही. त्यांच्या आवाजाला ती हलली नाही, याचं वाईट वाटलं. निदान तिच्यात तरी ते राहिले असतील अशी माझीही समजूत होती. तुझी तर होतीच, म्हणून तू तिला उराशी धरून नेलीस. आता मी तुला सांगते आहे की ती त्यांना नाही, मला शोधते आहे. कसं सांगायचं म्हणून दोन दिवस गेले. पण ती त्यांना रोज पोचवून यायची हे खरं आहे, ते कुणी खोडत नाही.

आणि मी ‘ने’ का म्हटलं तेही ऐक. केसांचं, दुधाचं ते सगळं खोटं. आण्णा गेल्यावरसुद्धा कंपनीची बस त्याच वेळी येत राहिली. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. तपकीर एकटीच कोपऱ्यापर्यंत जायची, बस गेली की परत यायची आणि दाराशी ओरडायची. मी दार उघडायचे आणि माझं तोंड उघडायचं नाही. काय विचारणार होते? ती उंबऱ्यावर उभी राहून माझ्याकडे बघायची, आत यायची नाही. शालन आत्यांना वाटायचं, मांजर भुकेली आहे, त्या पोळी टाकायच्या. ती पोळीला तोंड लावायची नाही. रोज तेच. म्हणून तेराव्यानंतर तू विचारलंस तेव्हा मी पटकन हो म्हटलं. मला ती डोळ्यांसमोर नको होती असं नाही. मला तो प्रश्न नको होता.

सोमवारी तो आपोआप आला तोंडात. तुझ्या आण्णांना जाऊन इतके दिवस झाल्यावर मी विचारलं, बसले का गाडीत. जीभ झडली नाही. उलट त्यानंतर मी ओट्याशी उभी राहून रडले, तेव्हा घरात पाहुणे होते म्हणून राहिलेलं ते.

कस्तुराबाईंनी झाकणाची टोपली दिली आहे. आत आण्णांची जुनी बनियन घालते म्हटलं तर त्या म्हणाल्या, “त्यांची कशाला, तुमची साडी घाला की. एवढं वाचून कळलं न्हाई व्हय?” साडीच घेतली आहे.

शनिवारी सकाळच्या बसने मी येते. जेवणासाठी थांबायला लावू नका, तिला उन्हाच्या आत घरी आणायचं आहे. मी तुझ्या हातातून काहीतरी काढून नेते आहे, हे मला कळतं. तुझं ‘नाही’ असेल तर कस्तुराबाईंकडे चिठ्ठी दे किंवा फोन कर, स्पीकर बंद करून. मी ऐकेन, आणि तरीही एकदा विचारेन. आई म्हणून हक्काने नाही. मला तिच्यावाचून करमत नाही म्हणून.

रणजीतरावांना सांग, पोतं शोधायची गरज नाही. तपकीर माझी आहे.

रागावलीस तरी शनिवारी घरी थांब.

तुझी
आई