आईच्या कोटाचा कागद

मंगळवार, १२ ऑगस्ट

तीर्थरूप बाबा,

थोरलीचा नमस्कार. डोळ्यांचे थेंब वेळेवर घालता ना? धाकटीला विचारावं तर ती तुमचीच बाजू घेते.

मी ठीक आहे. खोकला गेला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची ही खोली आता अंगवळणी पडली आहे. दिवसभर खाली हातोडी आणि वर मी. परवा भट्टीतून बारा कप काढले. झिलई इतकी छान उतरली होती की कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. मग त्यातल्याच एकात चहा घेतला, आणि तोच एक विसळून ठेवला.

धाकटीला नोकरी लागल्याचं वाचून एकटीच मोठ्याने हसले. आणि आपला शेजारचा न्हावी विचारायचा ना, "गाडगी घडवायला कॉलेज कशाला लागतं?" त्याला सांगा, ही गाडगी संग्रहालयाने मागितली आहेत. कायमची. तांब्याच्या तारांवर टांगलेले मातीचे चाळीस तुकडे, मधूनमधून तुमच्या दुकानातली बटणं आणि दोरे. भट्टीवाले काका बघून म्हणाले, "एवढी धुणी कोणाची गं वाळत घातलीस?" मी म्हटलं, "आमच्या बाबांच्या गिऱ्हाइकांची." ते हसले. मला हसू आलं नाही.

फोनवर तुम्ही तीनदा विचारलंत. "आईच्या कोटाचा कटिंगचा कागद तेवढा पाठव. धाकटी अगदी तिच्या मापाची झालीये. कामावर जायला तसाच कोट शिवतो तिला. मापं आता डोक्यात राहत नाहीत बघ." कोट तर आईच्या अंगावरच, तिच्याबरोबर चितेवर गेला. तिन्ही वेळा मी म्हटलं, "कपाटात आहे, शोधते."

बाबा, तो कपाटात नाही. एकही कागद नाही.

तुम्ही दुकान बंद केलंत तेव्हा "इथे उंदीर खातील, मी सांभाळते" म्हणून कटिंगच्या कागदांचा गठ्ठा मी आणला, तेव्हा मनात दुसरं काही नव्हतं. वर्षभर सांभाळलेही. मग एक कागद पातळ मातीत बुडवून भट्टीत भाजून पाहिला. आतला कागद जळून जातो आणि त्याच्या आकाराचं मातीचं कवच उरतं. शिंप्याची सगळी मेहनत लोकांच्या अंगावर झिजून जाते, ती कुठेतरी टिकावी असं मला फार वाटलं. एकाचे चाळीस झाले. आईचा मी सर्वांत शेवटी बुडवला. तुम्हाला विचारायचं राहून गेलं, असं आजवर स्वतःला सांगत होते. राहून गेलं नव्हतं. तुम्ही "नको" म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही.

आणखी एक लबाडी करणार होते, तीही सांगून टाकते. माती भाजली की आकसते. शंभर इंच घेतली तर अठ्ठ्याऐंशी उरते. मी आईचा तुकडा तारेवरून उतरवला, टेपने मोजला, आकडेमोड करून खाकी कागदावर मूळ मापाचा काढला. कडा मळवल्या, घड्या पाडल्या. हाच जुना कागद म्हणून पाठवायचा होता. पण पाठीचा डावा खांदा अर्धा इंच खाली येतो. आईचा खांदाच तसा होता, की भट्टीत तुकडा वाकला? मला सांगता येईना. त्याच खांद्यावर मान टाकून मी झोपायचे, बाबा, आणि मला ठाऊक नाही. किती तरी वेळ आरशात स्वतःचेच खांदे बघत बसले.

संग्रहालयाच्या अर्जात एक ओळ आहे, 'साहित्य मालकाच्या परवानगीने वापरले'. त्याखाली मी सही ठोकून मोकळी झाले होते. काल जाऊन तिथल्या बाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग महिनाअखेरपर्यंत वडिलांची सही आणा. त्याशिवाय आम्हाला घेता येणार नाही." वर हसून म्हणाल्या, "देतीलच की! वडीलच आहेत." मला त्याचीच भीती वाटते.

अर्ज सोबत आहे. पोरीचं नाव होईल म्हणून सही करू नका. फाडून टाकलात तर मी चाळीसही तुकडे उतरवून तुमच्याकडे घेऊन येईन आणि दारात उभी राहून बोलणी खाईन. न्हावीसुद्धा ऐकू दे.

मी काढलेला कागदही सोबत आहे. डाव्या खांद्याशी दोन रेघा ठेवल्या आहेत, एक सरळ, एक उतरती. मापं डोक्यात नसली तरी तुमच्या हाताला आठवेल. कात्री लावण्याआधी त्यातली आईची कोणती, एवढं मला कळवा. अर्जाचं काय व्हायचं ते होवो.

'तुमची लाडकी' लिहायला हात धजत नाही.

तुमचीच,
थोरली