चालत्या शंखाची हकिकत

॥ श्रीलक्ष्मीनारायण ॥
मुरबे, माघ शुद्ध दशमी, शके १८८७

तीर्थस्वरूप दादांच्या चरणी धाकटा चुलतभाऊ नरहर याचे मस्तक (मन तर नित्य तेथेच असते).

येथे देवकृपेने क्षेम आहे. तिकडे वहिनींचा संधिवात थंडीत उचल खातो, असे कळले. निर्गुंडीचा शेक सोडू नये. मी पालघरास जाऊन माझा पुढचा पडलेला दात बसवून घ्यावा, अशी आपली आज्ञा होती. जन्मात प्रथमच आपली आज्ञा मोडीत आहे, त्याचे कारण निवेदन करतो.

या दिवसांत पहाटे येथे असे धुके पडते की दीपगृहाचा उजेडही त्यात विरून जातो. आपले देऊळ खाडीच्या मुखाशी. काकड आरतीला मी शंख फुंकला की बाहेर खोळंबलेल्या मासेमारी होड्या एकामागून एक आत येतात. ही भक्तीची ओढ, असे मी आजवर समजत आलो (कीर्तनातही तसे सांगितले, समोरची कोळी मंडळी माना डोलवीत. देवळात भटाला खोटे पाडू नये, असा त्यांचा संप्रदाय असावा).

यंदा रथसप्तमीला नवी पालखी आली. देवळाभोवती प्रदक्षिणा घालण्याऐवजी ती किनाऱ्याने दक्षिणेस सुरूच्या बनापर्यंत न्यावी, असे माझ्या मनाने घेतले. उत्सव सूर्यनारायणाचा आणि सूर्याचा पत्ता नाही, अशा धुक्यात मी पुढे शंख फुंकीत चाललो होतो. तोच समुद्राच्या बाजूने एका होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, प्रकटली. मागोमाग दुसरी, तिसरी. प्रत्यक्ष सागर देवाच्या भेटीस आला, असे मला वाटले. पुढची होडी हाकणारा तांडेल गोमा. त्याला मी हात उंचावून प्रसादास बोलावले. तो गुडघाभर चिखलात उतरून म्हणाला, ‘परसाद ठेवा बाजूला, भटजीबाबा! शंख उजव्या हाताला धरून आमी खाडीत शिरतो. आज धरला, तं शंखच चालाय लागला!’

एव्हाना ओहोटी लागली होती, आणि पुराणाला बसलेल्या श्रोत्यांप्रमाणे तिन्ही होड्या चिखलात स्वस्थ बसल्या. पुढे सुरूच्या बनाखाली खडक आहेत. माझी भक्ती आणखी थोडी चालली असती तर ती सर्व माणसे त्या खडकांवर गेली असती. दादा, शंखनादाने शत्रूंची हृदये विदीर्ण झाल्याचे आपण दोघांनी वाचले आहे; पण आपल्याच माणसांचा घात होता होता वाचल्याचे कोठे वाचले नव्हते. त्या दिवशी मला अन्न गेले नाही. गोमाची बायको काशीबाई बंदरावर टोपल्या घेऊन वाट पाहत होती, ती धावत आली. आपली माणसे डोळ्यांनी पाहिल्यावर माझ्याकडे वळली. ‘देवाला कुठंपन फिरवा, पन त्याचा आवाज जाग्यावर ठेवा!’ निर्गुणाच्या स्थैर्यावर मी पुष्कळ निरूपण केले आहे. ध्वनीच्या स्थैर्याचा विचार राहून गेला होता.

संध्याकाळी मंडपात सभा भरली. मच्छीमारांनी धुक्यात वाजवायच्या भोंग्यासाठी सरकारात अर्ज केला आहे. तो येईतो धुके असेल त्या पहाटे शेवटची होडी आत शिरेपर्यंत मी एकाच पायरीवरून शंख फुंकावा, असे ठरले. माझा श्वास म्हाताऱ्याचा, म्हणून मी वामन गुरवाचे नाव सुचवले. त्याने शंख उत्तम फुंकला, परंतु गोमाने मान हलवली. ‘खाडीपल्याड सातपाटीलाबी शंख वाजतो. वामनचा नि त्यांचा सारखाच वाटतो. तुमचा मधीच फाटतो, मंग शीळ घालतो. तो आमचा.’ फाटणे आणि शीळ ही दोन्ही पडलेल्या दाताची देणगी. सबब दात बसवण्यास सभेने एकमताने मनाई केली, आणि मी देवाच्या पायांवर हात ठेवून वचन दिले.

आपला आज्ञाधारक (दाताखेरीज),
नरहर

ता. क. – मूळ विनंती राहिलीच. आपला दमा यंदा बळावला असून उत्तरायणात देह ठेवण्याची आपली इच्छा आहे, असे आपल्या चि. विष्णूने लिहिले. इच्छा थोर आहे. परंतु आपण माझे सपिंड. आपली वार्ता येताच मला सुतक लागून देवळाची पायरी व शंख दोन्ही वर्ज्य होतील, आणि होड्या बाहेर धुक्यात राहतील. तरी धुके सरेपर्यंत, म्हणजे होळीपर्यंत, वैकुंठाची घाई करू नये. उत्तरायण आषाढापर्यंत असतेच.

पुनश्च ता. क. – इलाज चालणारच नसेल तर विष्णूने तार करू नये. वार्ता कानी पडल्याखेरीज सुतक लागत नाही, हे शास्त्र आपणच मला शिकवले. बाकी हा निर्बंध आपल्या एकट्यावर आहे असे मानू नये. काल काशीबाई देवळाशी येऊन मलाही बजावून गेली, ‘होळी होईस्तवर मरायचं नाय हां, बाबा!’ मी बरे म्हणालो. आपणही म्हणावे.