लाल पट्ट्याचं झाड

१४ मार्च

प्रिय वन्संना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र पोहोचलं. आम्ही दोघंही ठीक आहोत. हे जरा पडून आहेत, म्हणून या खेपेला मीच लिहितेय.

बेटावरचं हे भाड्याचं घर छान आहे, फक्त ते आपल्या एकट्याचं नाही. कपाटामागे पाली, पपईवर वटवाघळं, मोरीत खेकडे. तुमच्या भावाची सगळ्यांशी गट्टी. खेकडा मोरीत असला की बाहेर टॉवेल घेऊन उभे! "साहेब, आटपा लवकर."

घरमालकीण मात्र मला पहिल्या दिवसापासून खटकली. अंगणात समुद्राच्या बाजूला एक झाड आहे, बुंध्याला लाल पट्टा मारलेलं. "फांदीला हात लावू नका," असं बजावून गेली. रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन झाडावर नजर टाकायची. मला वाटलं, यात काहीतरी गोम आहे. झाडामुळे आमचा समुद्र झाकला जातो. आम्ही कंटाळून तिचं वरच्या अंगाचं, जास्त भाड्याचं मोठं घर घ्यावं, हाच डाव असणार.

हे एकदा म्हणाले, "याच्यावर एकही पाखरू बसत नाही गं." मी म्हटलं, "तुमचं आपलं काहीतरीच."

गेल्या मंगळवारी ती बाजारात गेलेली पाहून मी यांच्या हातात कोयता दिला. दोन फांद्या तोडून झाल्यावर मीच म्हटलं, "पेटवून टाका, तिला मागमूस लागायला नको."

वन्सं, धूर यांच्या डोळ्यांत गेला. हे जमिनीवर लोळत होते आणि मी नुसती उभी. बाजारातून परतलेली मालकीण धावत आली. हंडाभर पाण्याने डोळे धुतले, बोटीत घातलं, दवाखान्यात नेलं. तिच्याही हातांवर फोड आलेत.

काल पट्टी काढली. उजव्या डोळ्याने दिसतं. डाव्याने उजेडसुद्धा कळत नाही.

मघाशी हे म्हणाले, "झाड विषारी आहे, हे तिने आधी सांगायला नको होतं का?"

तिने सांगितलं होतं. चीक, धूर, डोळे, सगळं. मला वाटलं, घाबरवतेय. मी यांना त्यातलं अक्षरही सांगितलं नाही. आणि मघाशीसुद्धा म्हटलं, "हो ना, सांगायला हवं होतं."

तिच्याविरुद्ध तक्रार करायची म्हणून त्यांनी माझ्याकडे कागद मागितला. तो घेऊन मी इथे पायरीवर येऊन बसले आणि तुम्हाला लिहीत सुटले. आता आत जाऊन हे पत्र त्यांना वाचून दाखवते. मग पाकीट बंद करीन.

त्यांना तुम्ही लहानाचं मोठं केलंत. जमेल तितक्या लवकर या.

अजून म्हणवत असेल तर,
तुमची भावजय