न केलेली सही

सोमवार, ९ फेब्रुवारी

प्रिय छबे,

मंगळवार, १८ नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. अन्याय झाला तो या वेळी. आधी तारीख आणि वेळ, रडगाणं मागाहून, ही माझी सवय तुला ठाऊक आहे. वीज कंपनीच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं काढली की माणूस आशीर्वादसुद्धा जावक क्रमांक घालून देतो.

तू बरी असशील. खांद्याचं हाड जुळलं असं तुझ्या लेकीने कळवलं. तू कळवलं नाहीस, हे मी नोंदवून ठेवते आहे, तक्रार करत नाही. इकडे सगळं ठीक. तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडते. तुझा जुना चष्मा इथे राहिला आहे. तो पोस्टाने पाठवणार नाही, फुटेल.

आता मुद्द्याचं. गाडीच्या विम्याच्या नूतनीकरणाचं पत्र आलं. हप्ता एक तृतीयांशाने वाढवला आहे! मी फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, तुमच्या गाडीत आधुनिक सुरक्षा यंत्रणा आहे ना, म्हणून." मी म्हटलं, "अगं, यंत्रणा असली तर अपघात कमी होतील, मग हप्ता कमी व्हायला हवा." तर म्हणे, "अपघात कमी होतात मॅडम, पण झालेला अपघात महाग पडतो." ऐकलंस? म्हणजे चोर येऊ नये म्हणून सोन्याचं कुलूप लावायचं आणि मग कुलपाचाच विमा उतरवायचा.

आठवतं का, आमच्या ह्यांच्या जुन्या गाडीला मागून कोणी धडकलं, की मिस्त्री आतून हातोडीचे चार टोले घालायचे, वरून रंगाचा हात मारायचे आणि संध्याकाळी गाडी दारात. आता बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रडार, आरशात कॅमेरा, पुढच्या काचेमागे आणखी एक. गाडी काढताना खांबाला घासली तरी बिल हृदयाच्या शस्त्रक्रियेएवढं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आपल्या त्या अपघाताचं बिल मी पाहिलं. पत्र्याचा खर्च एक ओळ, आणि बाकीचं पान भरून तपासणी, जोडणी, जुळवणी, पुन्हा तपासणी. कंपनीने सगळं भरलं. एक पैसा कापला नाही.

तो का कापला नाही, हे तुला माहीत आहे. मी एवढा वेळ हप्त्याबद्दल लिहीत बसले आहे तेही त्यामुळेच.

तू म्हणशील, ताई, अपघात तर शुक्रवारी झाला, चौदा तारखेला, दुपारी पावणेपाचला. मग मंगळवारचं काय घेऊन बसलीस? छबे, शुक्रवारी अपघात झाला. अन्याय मंगळवारी झाला, आपल्या जेवणाच्या टेबलाशी, आणि तो मी केला.

कॉन्व्हेंटमध्ये मदर सुपीरियर म्हणायच्या, कबुली देताना "पण" हा शब्द आला की ती कबुली नव्हे, वकिली. तेव्हा आता सरळ सांगते.

काचेला खडी लागून तडा गेला होता, म्हणून आपण दोघी मिस्त्रींकडे गेलो होतो. तू बाकावर बसली होतीस, पदराने वारा घेत. काच बसवून झाल्यावर मिस्त्री हात पुसत आले आणि म्हणाले, "बाई, काच आता नुसती काच राहिलेली नाही. मागचा कॅमेरा तिच्यातून रस्ता बघतो. नवी काच केसभर जरी वेगळी बसली, तरी त्याची नजर हलते. चष्म्याचा नंबर बदलला की जिन्याची पायरी चुकते ना, तसं. ती नजर जुळवून घ्यावी लागते. ते माझ्याकडे होत नाही, मोठ्या वर्कशॉपला पाठवावं लागेल. सपाट जमिनीवर गाडी उभी करतात, समोर चौकटींचा फलक ठेवतात, संगणक लावतात. दोन दिवस जातील."

मी म्हटलं, "काच बसवायला दोन तास आणि नजर जुळवायला दोन दिवस? जुळवतात की उतरवतात?" तू हसलीस. मलाही माझं कौतुक वाटलं.

मग त्यांनी खर्च सांगितला. काचेपेक्षा जास्त. विमा कंपनी देईल, पण आधी लेखी परवानगी लागते आणि तिला आठवडा. मला पुढच्या आठवड्यात तुला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, हे सगळं लुबाडायचे धंदे आहेत. मी म्हटलं, "नको. आहे तशी द्या."

त्यांनी रजिस्टर उघडलं. "ग्राहकाला सांगितलं, ग्राहकाने नको म्हटलं," असं त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलं आणि पेन पुढे केलं. "इथे सही करा बाई."

माझ्या टेबलासमोर एकतीस वर्षांत हजारो माणसं उभी राहिली. प्रत्येकाला मी एकच विचारायची : लेखी आहे? नाही? मग झालंच नाही. हाताखालच्या पोरींना मी तेच पढवलं. आणि त्या दिवशी मिस्त्रींना मी काय म्हणाले? "तीस वर्षं तुम्ही आमच्या गाड्या बघता. हे गेले तेव्हा खांदा द्यायला तुम्ही होता. आणि आज माझ्याकडून सही घेता? माझा शब्द पुरत नाही?"

बिचाऱ्यांचं तोंड उतरलं. "तसं नाही बाई, तसं नाही," म्हणत त्यांनी रजिस्टर मिटलं. वर मलाच समजावलं, की गाडी सुरू केली की आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा दर वेळी चालू होते. नजर जुळवून होईपर्यंत पडद्यावरचं हे बटण दाबून ती बंद करत जा. दोनदा करून दाखवलं. तूही मान पुढे करून बघत होतीस.

पुढचं तू भोगलंस. पुलाची सावली रस्त्यावर पडली होती, बाकी चिटपाखरू नव्हतं. गाडीला सावलीत कोण दिसलं देव जाणे, तिने सगळा जोर लावून ब्रेक मारला. मागून सामानाची व्हॅन आदळली. तुझा आवाज अजून कानात आहे. किंचाळली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त "अगं" म्हणालीस.

आता मंगळवार. विमा कंपनीचा सर्व्हेअर चौकशीला आला. चांगला मुलगा, बूट दाराबाहेर काढून आला. तू खांदा बांधून समोर बसली होतीस. त्याने विचारलं, काच बदलल्यावर कॅमेरा जुळवून घेतला होता? मी म्हटलं, नाही. त्याने विचारलं, ते करावं लागतं, असं मिस्त्रींनी तुम्हाला सांगितलं होतं?

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी घड्याळाकडे बघत होते, कारण तुझ्याकडे बघवत नव्हतं. मी म्हटलं, "नाही. आम्हाला कोणी काही सांगितलं नाही."

"आम्हाला" म्हटलं मी. तुलाही त्यात ओढलं.

तो गेल्यावर तू एवढंच म्हणालीस, "ताई, त्यांनी सांगितलं होतं गं." आणि मी म्हटलं, "तू गप्प बस. गाडीतलं तुला काय कळतं?" तू गप्प बसलीस. चार दिवस गप्प बसलीस, आणि पाचव्या दिवशी लेकीला बोलावून बॅग भरलीस. मी दारापर्यंतसुद्धा आले नाही. आत पेपर वाचत होते. म्हणजे पेपर हातात होता.

त्यावर मी कंपनीला तक्रारीचं पत्रही लिहिलं. तुला हे माहीत नाही. काय पत्र होतं छबे! एक शब्द इकडचा तिकडे करता येणार नाही. "निष्काळजी", "वयोवृद्ध ग्राहकांची दिशाभूल". माझ्या नोकरीतलं सगळं कसब त्यात ओतलं. कंपनीने मिस्त्रींना मान्य गॅरेजांच्या यादीतून काढलं, आणि आपल्या अपघाताचा सगळा खर्च त्यांच्याकडून वसूल करायची नोटीस दिली. आजकाल काचेचं आणि पत्र्याचं जवळजवळ सगळं काम विम्याच्या यादीतूनच येतं. यादीतून गेलं, की मिस्त्री असून नसल्यासारखा.

जानेवारीत मी त्यांच्याकडे गेले. शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरावं लागलं, ते बरंच झालं. आत एकही गाडी नव्हती. मिस्त्रींनी खुर्ची पुसून दिली. मी म्हटलं, "मिस्त्री, तुम्ही त्यांना सांगितलं का नाहीत, की मी नको म्हणाले होते?"

"सांगितलं बाई. ते म्हणाले, सही दाखवा."

एवढंच. आवाज चढवला नाही. शिव्या घातल्या असत्या तर मी सहज घरी आले असते. शिव्यांना उत्तर द्यायला मी समर्थ आहे. त्यांची बायको आतून आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी म्हटलं होतं यांना, सही घ्या. तर हे म्हणाले, बाईंकडून? असं कसं मागायचं पुन्हा?" मग तिने विचारलं, "चहा साखरेचा की बिनसाखरेचा?" मी तो चहा प्यायले. कसा प्यायले ते विचारू नकोस.

घरी येऊन त्याच दिवशी कंपनीला दुसरं पत्र लिहिलं, की मी खोटं बोलले, मिस्त्रींनी मला सांगितलं होतं, सही मीच नाकारली, माझ्या दाव्याचे पैसे परत घ्या. आठवड्याने फोन आला. कोणी कल्याण अधिकारी होती. "आजी, तुम्ही घरी एकट्याच असता का? तुम्हाला कोणी त्रास देतंय का? त्या गॅरेजवाल्याने तुमच्याकडून काही लिहून घेतलं का?"

मी म्हटलं, "बाई गं, मी माझ्या मर्जीने खोटं बोलले आणि माझ्या मर्जीने खरं बोलते आहे."

"हो आजी, हो," म्हणाली. "तुम्ही घाबरू नका."

मग लेखी उत्तर आलं, की पहिलं निवेदन घटनेनंतर लगेच दिलेलं आणि सुसंगत आहे. दुसरं दबावाखाली किंवा वयोमानामुळे दिलेलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. माझं खोटं इतकं सुबक होतं, की माझं खरं त्यापुढे म्हातारचळ ठरलं. आयुष्यभर लोकांना म्हणत आले, पुरावा आणा. आता मी पुरावा मागत फिरते आहे, माझ्याच विरुद्ध.

अजून एक राहिलं. हे मिस्त्रींना सांगितलं नाही, कंपनीलाही लिहिलं नाही. ते बटण मी पाच दिवस न चुकता दाबलं. सहाव्या दिवशी, तू शेजारी पट्टा लावत होतीस तेव्हा, माझा हात पडद्यापर्यंत गेला होता. मी विसरले, असं तुला हॉस्पिटलात म्हणाले. विसरले नव्हते. मला वाटलं, बघू या तरी, काय होतंय. काही झालं नसतं तर परतताना मिस्त्रींकडे गाडी थांबवून त्यांना ऐकवणार होते. वाक्यसुद्धा तयार होतं. एका माणसाला खोटं पाडायच्या हौसेपायी मी तुला त्या सीटवर बसवून नेलं. तुझं हाड व्हॅनवाल्याने मोडलं नाही, कॅमेऱ्यानेही नाही.

हे वाचून तू पत्र बाजूला ठेवशील. ठेव. पाणी पी, आणि मग पुढचं वाच, कारण पुढचं माझ्यासाठी नाही.

त्या नोटिशीवर मिस्त्रींनी केलेल्या अपिलाची सुनावणी सोमवारी, २३ फेब्रुवारीला आहे. माझ्या शब्दाला तिथे किंमत नाही. त्या दिवशी बाकावर बसून सगळं ऐकणारी दुसरी व्यक्ती एकच. तुझ्या हाताने लिही, की मिस्त्रींनी ताईला माझ्यासमोर सांगितलं, ताईने नको म्हटलं, सही मागितली ती ताईने दिली नाही. खाली सही, तारीख. तुला विचारतील, मग तेव्हा का बोलला नाहीत? तर खरं तेच लिही : ताईने गप्प बसवलं. मला सांभाळून घेऊ नकोस. तू लहानपणापासून मला सांभाळून घेत आलीस, आणि मी ते माझा दरारा समजत आले.

पैसे परत द्यावे लागतील. देईन. गाडी विकायला काढली आहे, परवाच एक जण बघून गेला. माझ्यावर खोट्या दाव्याची कारवाई झाली तर होऊ दे. लेकीला पत्र वाचू दे. मावशीला काय समजायचं ते तीच ठरवेल.

मला माफ केलंस की नाही, ते त्या कागदावर लिहू नकोस. दुसऱ्या कागदावरही लिहू नकोस, इतक्यात तरी. ते मागायला मी अजून पात्र झालेले नाही. मला फक्त साक्ष हवी आहे. फोन करू नकोस. फोनवर मी पुन्हा तुला बोलू देणार नाही, माझी खोड मला माहीत आहे.

शुक्रवार, २० फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत तुझं उत्तर माझ्या हातात पडलं पाहिजे. लेखी, आणि सहीसकट.

तुझी,
ताई