बिनपंखी गांधीलमाशी आणि साहेबांचं बोट

ती. स्व. मामा,

भाच्याचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? (गेल्या पत्रात तुम्ही स्वतःच्या दातांवरच दोन पानं लिहिलीत, गुडघा राहून गेला.) इकडे मी खुशाल आहे. साहेब नाहीत.

तुम्हीच शब्द टाकून मला या संग्रहालयात चिकटवलंत. सहा महिने मी कीटकांच्या पेट्यांवर चिठ्ठ्या लिहितोय आणि मला कायम करायचा कागद सहीसाठी साहेबांच्या टेबलावर पोचलाही होता. म्हटलं, काहीतरी करून दाखवावं. म्हणून काचेच्या पेटीत दाणे वेचणाऱ्या मुंग्यांचं वारूळ मांडलं. काय शिस्त हो त्यांची! दाणे आत नेतात, सोलतात, टरफलं बाहेर टाकतात, दाणे ओले झाले तर उन्हात आणून वाळवतात. फक्त राणी दिसेना. आणि मंगळवारी मागच्या अंगणात सापडली की! लालभडक, मखमली, पंख नाहीत, ऐटीत एकटीच चाललेली. चिमट्याने उचलून पेटीत सोडली आणि वर ठळक अक्षरांत 'राणी' लिहिलं. मुंग्या तिच्या अंगावर धावून गेल्या. (मला वाटलं, स्वागत.)

साहेब म्हणाले, "अरे वा, इतकी केसाळ राणी मी जन्मात पाहिली नाही," आणि झाकण काढून उजव्या हाताचं बोट पुढे केलं. मामा, ती बया मुंगी नव्हतीच. बिनपंखांची गांधीलमाशी! तिला ना वारूळ, ना दाणे, ना गोतावळा. दुसऱ्यांच्या बिळात शिरून त्यांच्या पिल्लांवर अंडी घालते. नांगी अशी, की साहेब खुर्चीवर चढले. (खुर्ची चाकांची होती.) मुंगीच्या मिशा कोपरासारख्या दुमडलेल्या असतात, हिच्या नसतात, हे आता मी झोपेतही सांगेन. बोट इतकं सुजलंय की त्यांना पेन धरवत नाही. सही अडली आहे, आणि आता ती कोणत्या कागदावर होईल याची मला भयंकर धास्ती वाटते.

तुमचा भाचा

ता. क. साहेबांनी विचारलं, "केसाळ ती राणी, हे तुला शिकवलं कोणी?" मी अजून तुमचं नाव घेतलेलं नाही. शिकलो ते तुम्ही संग्रहालयाला भेट दिलेल्या कपाटातून. सातव्या खणात अशाच तीन मखमली बाया टाचल्या आहेत, खाली तुमच्या हातची चिठ्ठी: 'मुंग्यांच्या राण्या'. सोमवारी साहेब ते कपाट पाहुण्यांना उघडून दाखवणार आहेत. किल्ली माझ्याकडे असते.

आणखी एक ता. क. साहेब तुमचा शब्द मोडत नाहीत. तेव्हा माझ्यासाठी त्यांना दोन ओळी लिहा, शनिवारच्या आत पोचतील अशा. सूज त्यांच्या बोटाला आहे. माझा हात ठणठणीत आहे, चिठ्ठी केव्हाही बदलता येईल.